ट्रीरचा आर्चबिशप बाल्डुइन व त्याचें सनदांचें बाड

(१) विषयप्रवेश

जर्मन देशांत मोझेल नदीच्या कांठीं ट्रीर नांवाचें एक प्राचीन शहर आहे. रोमन बादशाहीच्या काळापासून नांदत आलेल्या या शहरीं ख्रिस्ती धर्माचें एक मोठें पीठ असून, इ. स. १३०७ च्या अखेरीपासून १३५४ पर्यंत, म्हणजे ४६ वर्षें, त्या पीठावर बाल्डुइन नांवाचा आर्चबिशप अधिष्ठित होता. एका बादशहाचा धाकटा भाऊ, दुसऱ्या बादशहाचा चुलत आजोबा आणि अर्धशतकभर जर्मन राजकारणाचीं सूत्रें हलविणारा मुत्सद्दी या नात्यानें राजकीय इतिहासांत त्याचें नांव प्रसिद्ध आहे. परंतु जुन्या कागदपत्रांच्या संग्राहकांनीं त्याची ओळख करून घ्यावी याचें कारण निराळें आहे. आपल्या पीठाच्या साऱ्या सनदा व करारनामे एकत्र करवून त्यांच्या नकलांचीं बाडें त्यानें तयार करविलीं, आणि तीं एकाच ठिकाणीं न ठेवतां वेगवेगळ्या ठिकाणांसाठीं योजिलीं. लॅटिन भाषेंत त्याच्या नांवावरून त्यांस ‘बाल्डुइनेउम’ असें म्हणतात.

या पुरुषानें किल्ले बांधले, वेढे घातले, बादशहा निवडले. परंतु या सर्वांचा टिकाऊ पाया त्याच्या दफ्तरांत होता, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. आणि तें दाखवीत असतां, नकलेचें बाड हें साधन म्हणून कितपत विश्वसनीय असतें, या आपणां सर्वांस नित्य पडणाऱ्या प्रश्नाचाही थोडा विचार करावयाचा आहे.

(२) जर्मन आर्चबिशपाचें स्वरूप

आर्चबिशप म्हणजे केवळ एखादा मठाधिपति किंवा आचार्य, अशी समजूत करून घेतल्यास पुढील हकीकतीचा उलगडा व्हावयाचा नाहीं. त्या काळीं ट्रीरचा आर्चबिशप हा धर्मगुरु तर होताच, पण त्याबरोबरच तो एका मुलखाचा धनीही होता. किल्ले, जकाती, टांकसाळ, न्यायनिवाडा व फौज हीं सर्व त्याच्या हातीं असत. शिवाय जर्मन राजाची गादी वंशपरंपरेनें न जातां निवडीनें ठरत असे, व ही निवड करण्याचा अधिकार सात निर्वाचकांकडे होता. त्यांपैकीं तिघे धर्माधिकारी, म्हणजे माइन्त्स, कोलोन व ट्रीर येथील आर्चबिशप. आणि चौघे लौकिक राजे, म्हणजे बोहेमियाचा राजा, ऱ्हाइनकांठचा पॅलेटाइन काउंट, सॅक्सनीचा ड्यूक व ब्रांडेनबुर्गचा मार्ग्राव्ह. अशा रीतीनें निवडलेल्या राजास रोम येथें पोपच्या आज्ञेनें अभिषेक झाला म्हणजे तो बादशहा म्हणवीत असे.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. लौकिक राजाच्या मागें त्याचा मुलगा गादीवर येतो. बापाचे हक्क, उधाऱ्या व भांडणें घरांतल्या घरांत ठाऊक असतात. आर्चबिशप हा अविवाहित. त्याच्या मागें मुख्य देवळाच्या धर्माधिकाऱ्यांचें मंडळ नवा पुरुष निवडी, आणि हा नवा पुरुष पुष्कळदां वेगळ्या घराण्यांतला, क्वचित् वैऱ्याच्या घराण्यांतलाही असे. कोणता किल्ला कोणास कोणत्या अटीवर दिला होता, कोणत्या नाक्यावर किती जकात घेण्याचा हक्क होता, हें त्यास सांगणार कोण? ज्या गादीस औरस वारस नाहीं, तिचा वारसा कागदांतच राहणार. बाल्डुइनच्या पुढील साऱ्या उद्योगाचें बीज येथें आहे.

(३) पूर्ववय व पीठावर निवड

बाल्डुइनचा जन्म इ. स. १२८५ च्या सुमारास लक्झेंबर्गच्या काउंट घराण्यांत झाला. त्याचा बाप सहावा हेन्री हा ता. ५ जून १२८८ रोजीं कोलोनजवळ व्होरिंगेन येथील लढाईंत आपल्या भावांसह पडला. त्या वेळीं बाल्डुइन अवघा तीन वर्षांचा होता. वडील भाऊ हेन्री यास काउंटपद मिळालें. धाकट्यास धर्मखात्याकडे पाठवावयाचें असें ठरून त्यास पॅरिसच्या विद्यापीठांत अध्ययनास ठेविलें. तेथें त्यानें धर्मशास्त्र व चर्चचा कायदा यांचा अभ्यास केला. पॅरिस हें त्या काळीं युरोपांतील विद्येचें अग्रपीठ होतें. कागदाची किंमत जाणण्याची दृष्टि त्यास तेथील कायद्याच्या अभ्यासानें आली असावी, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं.

ट्रीरचा आर्चबिशप डीटर हा १३०७ च्या नोव्हेंबरांत वारला. तो नासाउ घराण्यांतला होता, व त्याच्या कारकीर्दींत पीठावर कर्जाचा मोठा बोजा झाला होता. धर्माधिकाऱ्यांच्या मंडळानें ता. ७ डिसेंबर १३०७ रोजीं बाल्डुइनची निवड केली. चर्चच्या कायद्याप्रमाणें बिशपपदास तीस वर्षांचें वय लागे. बाल्डुइन बावीस-तेवीस वर्षांचा होता. पोप पाचवा क्लेमेंट यानें वयाची अट माफ केली आणि मार्च १३०८ मध्यें फ्रान्सांतील प्वातिये येथें स्वहस्तें त्यास दीक्षा दिली. त्याच वर्षीं जूनच्या आरंभीं नव्या आर्चबिशपानें ट्रीर शहरांत प्रवेश केला.

(४) भावाची निवड व रोमची स्वारी

नवा आर्चबिशप ट्रीरला पोंचण्यापूर्वींच जर्मनीचें राजकारण पालटलें होतें. ता. १ मे १३०८ रोजीं राजा पहिला आल्ब्रेख्ट याचा त्याच्याच पुतण्यानें खून केला. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप हा आपला भाऊ व्हालोआचा चार्ल्स यास जर्मन गादीवर बसवूं पाहत होता. अशा वेळीं बाल्डुइननें माइन्त्सचा आर्चबिशप पेटर फॉन आस्पेल्ट याच्याशीं संगनमत करून आपल्या वडील भावाचें नांव पुढें आणलें. ता. २७ नोव्हेंबर १३०८ रोजीं फ्रँकफुर्ट येथें लक्झेंबर्गचा हेन्री राजा निवडला गेला, व ता. ६ जानेवारी १३०९ रोजीं आखेन येथें त्यास राज्याभिषेक झाला. हाच बादशहा सातवा हेन्री होय. निवडीस सहा निर्वाचक हजर होते. बोहेमियाचा राजा आला नव्हता. ही बारीक गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

१३१० च्या शरदृतूंत हेन्रीनें आल्प्स पर्वत ओलांडला. बाल्डुइन बरोबर होताच. या स्वारींत विजयापेक्षां शोकच अधिक वांट्यास आला. १३११ च्या उन्हाळ्यांत ब्रेशा शहराच्या वेढ्यांत दोघांचा भाऊ वालराम मारला गेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत जेनोआ येथें राणी मार्गारेट वारली. १३१२ च्या मे महिन्यांत फौज रोममध्यें शिरली तेव्हां नेपल्सचा राजा रॉबर्ट याच्या लोकांनीं अर्धें शहर अडवून धरलें होतें, आणि गल्ल्यागल्ल्यांतून लढाई झाली. सेंट पीटरचें देऊळ हातीं न आल्यामुळें ता. २९ जून १३१२ रोजीं लॅटेरन येथील देवळांत पोपच्या प्रतिनिधींनीं हेन्रीच्या मस्तकीं मुकुट ठेविला. पुढील वर्षाच्या आरंभीं बाल्डुइन नवी फौज जमविण्यासाठीं जर्मनीस परतला. ती फौज पोंचण्यापूर्वींच, ता. २४ ऑगस्ट १३१३ रोजीं, सिएनाजवळ बुओन्कोन्व्हेन्तो येथें बादशहा तापानें वारला. पिझा येथील मुख्य देवळांत त्याचें दफन झालें.

(५) बादशहा करणारा आर्चबिशप

यानंतर चाळीस वर्षें बाल्डुइन जर्मन राजकारणांत अग्रभागीं होता. त्याचा तपशील येथें थोडक्यांत देतों. हेन्रीचा मुलगा योहान हा १३१० सालींच लग्नसंबंधानें बोहेमियाचा राजा झाला होता. पण १३१४ सालीं त्याचें नांव निवडीस पुढें करतां येत नाहीं असें पाहून बाल्डुइननें बव्हेरियाच्या लुडविगास पाठिंबा दिला. दुसऱ्या पक्षानें ऑस्ट्रियाच्या फ्रीड्रिखास निवडलें, व हा दुहेरी निवडीचा तंटा १३२२ च्या म्यूलडोर्फच्या लढाईंत लुडविगाच्या बाजूनें निकालांत निघाला.

१३२८ सालीं माइन्त्सचें पीठ रिकामें झालें असतां तेथील मंडळानें बाल्डुइनास बोलाविलें. पोप बाविसावा जॉन यानें तेथें आपला माणूस नेमला होता. तरी १३३६ पर्यंत बाल्डुइननें ट्रीरबरोबर माइन्त्सचाही कारभार पाहिला. ता. १६ जुलै १३३८ रोजीं ऱ्हाइनकांठीं रेन्स येथें निर्वाचकांनीं जमून ठराव केला, कीं बहुमतानें निवडलेल्या राजास पोपच्या मंजुरीची जरूर नाहीं. या ठरावांत बाल्डुइनचा हात होता. पुढें लुडविगाचा पक्ष सोडून त्यानें ता. ११ जुलै १३४६ रोजीं, त्याच रेन्स येथें, भावाचा नातू चार्ल्स याची निवड घडवून आणली. हा चौथा चार्ल्स बादशहा होय. त्यानें १३५६ सालीं काढलेल्या सुवर्णमुद्रांकित शासनानें सात निर्वाचकांचे हक्क कायमचे ठरले, आणि निवडीच्या वेळीं पहिलें मत ट्रीरच्या आर्चबिशपाचें घ्यावें असा त्यांत नियम घालण्यांत आला. बाल्डुइन तेव्हां हयात नव्हता.

(६) मुलखाचा बंदोबस्त

बादशहांच्या निवडीपेक्षां ट्रीरच्या मुलखाचा बंदोबस्त हें बाल्डुइनचें खरें जन्मकार्य होय. त्यानें मुलखाचे लहान लहान महाल पाडून प्रत्येकावर अंमलदार नेमले. आपल्या नांवाचे किल्ले बांधले. बाल्डुइनश्टाइन, बाल्डुइन्सेक व बाल्डेनाउ हीं नांवें अद्याप त्याची साक्ष देत आहेत. कोब्लेंत्स येथें मोझेल नदीवरचा मोठा दगडी पूल त्याच्याच काळीं सुरू झाला. हेन्रीकडून त्यास बोप्पार्ड व ओबरवेझल हीं ऱ्हाइनवरचीं दोन बादशाही शहरें गहाणादाखल मिळालीं होतीं. बोप्पार्डचे नागरिक मानीनात तेव्हां १३२७ सालीं वेढा घालून त्यानें तें शहर घेतलें. १३३१ पासून एल्त्स व आसपासचे किल्लेदार सरदार यांच्याशीं त्याची कित्येक वर्षें झुंज चालली. एल्त्सच्या किल्ल्यासमोरच्या टेकडीवर त्यानें केवळ माऱ्यासाठीं दुसरा किल्ला उभा केला, व त्याचे अवशेष आजही तेथें दिसतात.

परंतु तरवारीपेक्षां त्याचें आवडतें हत्यार निराळें होतें. एखादा लहान सरदार कर्जांत बुडाला, किंवा शेजाऱ्यास भिऊन आश्रयास आला, म्हणजे बाल्डुइन त्यास पैसा देई. सरदार आपला किल्ला आर्चबिशपास अर्पण करी, आणि तोच किल्ला पुन्हां आर्चबिशपाकडून सरंजाम म्हणून परत घेई. किल्ल्यांत माणसें तींच, भिंती त्याच. बदलला तो केवळ हक्काचा धनी. असा बदल डोळ्यांस दिसत नाहीं. तो दिसतो फक्त शिक्क्याच्या कागदांत. तो कागद हरवला, तर दिलेला पैसाही गेला व किल्लाही गेला.

या व्यवहारांस लागणारा पैसा उभा करण्याचें व हिशेब ठेवण्याचें काम ट्रीर येथील ज्यू सावकारांकडे होतें. मुस्किन व त्याच्या मागून याकोब डानिएल यांनीं आर्चबिशपाचें जमाखर्चाचें खातें संभाळलें. येथेंच या कारकीर्दीची काळी बाजूही नमूद केली पाहिजे. १३४९ सालीं महामारीच्या भयानें ऱ्हाइन व मोझेल या नद्यांकांठच्या ज्यू वस्त्यांवर कत्तलीचा प्रसंग आला, आणि ज्यांच्या पैशावर व बुद्धीवर हा कारभार उभारला होता त्या ट्रीरच्या ज्यू लोकांचाही त्यांत बचाव झाला नाहीं.

१३२८ च्या उन्हाळ्यांतील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. स्पोनहाइमच्या काउंटची विधवा लोरेटा ही आपल्या अल्पवयी मुलाच्या वतीनें राज्य करीत होती, व कांहीं हक्कांबद्दल तिचा आर्चबिशपाशीं वाद होता. बाल्डुइन मोझेल नदींतून नावेनें कोब्लेंत्सकडे जात असतां श्टार्केनबुर्ग किल्ल्याखालीं तिच्या लोकांनीं त्यास धरून किल्ल्यांत नेलें. नदींत साखळी आडवी टाकून नाव अडविली, असें दंतकथा सांगते. साखळी असो वा नसो, साऱ्या मुलखास दरारा असलेला हा पुरुष कांहीं आठवडे एका विधवेचा कैदी होता. जुलैंत तह झाला: आर्चबिशपानें दंड भरला, वादांतील हक्क सोडले, आणि धर्माधिकाऱ्यावर हात टाकल्याबद्दल तिला जो चर्चचा बहिष्कार भोगावा लागणार होता तो उठविण्यास मदत करण्याचें कबूल केलें. तिनेंही हें सर्व शिक्क्यानिशीं लिहून घेतलें. कैदेंतून सुटल्यावर दिलेलें वचन फिरविण्याची चाल त्या काळीं सर्वत्र होती; बाल्डुइननें तह पाळला. ज्याचें सारें राज्य लेखी करारांवर उभें, त्यानें आपलाच लेख मोडला असता तर दुसऱ्यांनीं त्यास दिलेल्या लेखांचें मोल तें काय राहिलें असतें?

(७) बाडांची रचना

आपल्या स्मृतिकारांनीं व्यवहाराच्या निर्णयास लेख्य, भुक्ति व साक्षी अशीं तीन मानवी प्रमाणें सांगितलीं आहेत. त्यांपैकीं साक्षी मरतात, भुक्तीवर जबरदस्त शेजारी अतिक्रमण करतो. उरतें तें लेख्य. पण लेख्यासही अपाय आहेतच. लेख देशांतरीं असेल, अक्षर लागत नसेल, नष्ट झाला, पुसला, चोरीस गेला, फाटला वा जळला, तर दुसरा लेख करवावा, असें याज्ञवल्क्य सांगतो. ही आज्ञा अपाय घडल्यानंतरची आहे. बाल्डुइननें केलें तें अपाय घडण्यापूर्वीं केलें, हा त्याच्या योजनेचा विशेष.

१३३० नंतर त्याच्या कारकुनांनीं पीठाचे कागद हुडकून एकत्र आणण्याचें काम हातीं घेतलें. पोपांचीं आज्ञापत्रें, बादशहांच्या सनदा, सरदारांचे सरंजामी करार, खरेदीखतें, गहाणखतें, तहनामे असे शेंकडों लेख चर्मपत्राच्या मोठ्या बाडांत उतरून घेण्यांत आले, आणि या बाडाच्या तीन प्रती झाल्या. एक प्रत मुख्य देवळाच्या मंडळापाशीं ठेवावयाची, दुसरी आर्चबिशपाच्या स्वतःच्या दफ्तरांत, आणि तिसरी आटोपशीर आकाराची, प्रवासांत बरोबर नेण्यासाठीं. या वांटणींत मोठें शहाणपण आहे. मंडळ हें पीठ रिकामें असतांही जिवंत असतें, म्हणून एक प्रत तेथें. दफ्तर हें रोजच्या कारभाराचें ठाणें, म्हणून दुसरी तेथें. आणि बाल्डुइनचा बहुतेक काळ या किल्ल्यावरून त्या किल्ल्यावर फिरण्यांत जाई. वाद उपस्थित होत तेही तेथेंच, म्हणून तिसरी बरोबर. अस्सल सनदा बाहेर काढून धोक्यांत घालण्याचें कारण उरलें नाहीं. सामनेवाल्याच्या तोंडावर मजकूर वाचून दाखविण्यास नक्कल पुरे होती.

या दफ्तरांत काम करणारीं माणसेंही लहानसहान नव्हतीं. आयझेनाख येथील रुडोल्फ लोस्से हा कायदेपंडित बाल्डुइनच्या पदरीं होता. त्यानें कामाच्या ओघांत हातीं आलेल्या पत्रांचा व मसुद्यांचा स्वतःसाठीं एक संग्रह केला. हा खाजगी संग्रह पुढें उपलब्ध होऊन एडमुंड श्टेंगेल या विद्वानानें ‘नोव्हा आलेमानिए’ या नांवानें १९२१ पासून क्रमशः प्रसिद्ध केला. राजकारणाच्या आंतल्या गोष्टी अधिकृत बाडांपेक्षां अशा कारकुनी संग्रहांतच जास्त सांपडतात, हा अनुभव तेथेंही आला.

(८) चित्रमालिका व तिची परीक्षा

तीन प्रतींपैकीं एका प्रतीस आरंभीं चित्रांचीं ३७ पानें जोडलेलीं आहेत. बहुतेक पानावर वरखालीं दोन दोन, अशीं एकूण ७३ चित्रें असून तीं लेखणीनें रेखून रंगविलेलीं आहेत, व प्रत्येकावर लॅटिन भाषेंत थोडक्यांत प्रसंग लिहिला आहे. बाल्डुइनची दीक्षा, ट्रीरमधील प्रवेश, हेन्रीची निवड, आल्प्स ओलांडणारी फौज, ब्रेशाचा वेढा, रोमच्या गल्ल्यांतील लढाई, लॅटेरनमधील अभिषेक, रोमच्या ज्यू लोकांची बादशहाशीं भेट, आणि शेवटीं पिझा येथील थडगें असा हा क्रम आहे. चित्रकाराचें नांव ज्ञात नाहीं. काम १३४० च्या सुमाराचें मानतात.

आतां या चित्रांचें प्रामाण्य पाहूं. निवडीच्या चित्रांत सातही निर्वाचक आपापल्या ढालींवरील चिन्हांसह ओळीनें बसले आहेत. सात निर्वाचक एकत्र दाखविणाऱ्या सर्वांत जुन्या चित्रांत याची गणना होते. पण वर सांगितल्याप्रमाणें १३०८ सालीं बोहेमियाचा राजा तेथें नव्हताच! मग चित्रकार खोटा ठरला काय? तसें नव्हे. चित्र काढलें त्या सुमारास बोहेमियाच्या गादीवर बाल्डुइनचा पुतण्या योहान होता, आणि सात निर्वाचकांचें मंडळ ही कल्पना रेन्सच्या ठरावानें नुकतीच दृढ झाली होती. म्हणजे हें चित्र १३०८ सालची हकीकत म्हणून दुबळें, परंतु १३४० च्या सुमारास ट्रीरच्या दफ्तरांत राज्यघटनेविषयीं कोणती समजूत होती याचा पुरावा म्हणून अत्यंत बळकट आहे.

दुसरें चित्र रोमच्या लढाईचें. त्यांत स्वतः बाल्डुइन घोड्यावर बसून तरवारीनें शत्रूचें मस्तक फोडतो आहे. धर्माधिकाऱ्यानें रक्तपात करूं नये असा चर्चचा दंडक असतां त्याच्याच आज्ञेनें केलेल्या बाडांत हा प्रसंग लपविलेला नाहीं, उलट मिरविला आहे. बाल्डुइन तरवार घेऊन खरोखर किती लढला याविषयीं या चित्रावरून निश्चित बोलतां येणार नाहीं. आपण तसे दिसावें असें त्यास वाटत होतें, एवढें मात्र निर्विवाद. तिसरें उदाहरण शेवटच्या चित्राचें. बादशहा वारला व पुरला गेला तेव्हां बाल्डुइन जर्मनींत होता. सबब हें चित्र त्याच्या डोळ्यांनीं पाहिलेल्या गोष्टीचें नव्हे, ऐकीव हकीकतीचें आहे.

चित्रांस लागू तेंच नकलांस. नक्कलकार मजकूर उतरतो. पण शिक्का, खाडाखोड, शाईचा फरक, पाठीवरचे शेरे हें सर्व मागें राहतें. शिवाय बाड करविणारा हा स्वतः पक्षकार आहे. ट्रीरच्या हक्कास पोषक तो लेख आंत येणार हें उघड. जो बाडांत नाहीं तो अस्तित्वांतच नव्हता असें म्हणणें साहस होईल. म्हणून नकलेच्या बाडास दोन काळ असतात, हें सूत्र संशोधकानें विसरूं नये. एक मूळ लेखाचा, दुसरा नक्कल करण्याचा. पहिल्यासाठीं तें बाड गौण साधन आहे; दुसऱ्यासाठीं तें स्वतःच अस्सल आहे.

(९) बाडांचा पुढील इतिहास

बाल्डुइन ता. २१ जानेवारी १३५४ रोजीं ट्रीर येथें वारला. त्याचें थडगें तेथील मुख्य देवळाच्या पश्चिम भागांत आहे. आयुष्यांत त्यास कडक व्रताच्या कार्थुसियन साधूंविषयीं मोठी आस्था होती, व त्यानें ट्रीर आणि कोब्लेंत्स येथें त्यांचे मठ स्थापिले होते.

त्यानें उभें केलेलें राज्य ४४० वर्षें टिकलें. १७९४ सालीं फ्रेंच राज्यक्रांतीच्या फौजांनीं ट्रीर घेतलें. दफ्तर ऱ्हाइनच्या पलीकडे हलवावें लागलें, आणि पुढील कांहीं वर्षांतच आर्चबिशपांचें राज्य नकाशांतून नाहींसें झालें. १८१५ नंतर मुलूख प्रशियाकडे गेला व कागदपत्रांसाठीं कोब्लेंत्स येथें सरकारी दफ्तरखाना झाला. चित्रांचें बाड आज तेथेंच आहे. १९४४ सालीं बाँबवर्षावानें कोब्लेंत्सचें जुनें शहर बहुतेक उद्ध्वस्त झालें. बाड मात्र बचावलें. ज्या हक्कांसाठीं तें लिहविलें त्यांपैकीं एकही आज चालू नाहीं, ज्या किल्ल्यांविषयीं त्यांत करार आहेत त्यांतील बरेचसे पडले. कागद तेवढा राहिला. चित्रमालिका गेओर्ग इर्मर यानें १८८१ सालीं बर्लिन येथें प्रथम छापून प्रसिद्ध केली. पुढें १९६५ सालीं फ्रान्स-योझेफ हेयेन यानें, व २००९ सालीं लक्झेंबर्ग व ट्रीर येथील विद्वानांनीं मिळून, तिच्या नव्या आवृत्त्या काढल्या.

(१०) उपसंहार

कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड प्रसिद्ध केल्यापासून आपल्याकडे कागद जमविण्याची दृष्टि आली, व अस्सल कोणतें आणि नक्कल कोणती हा विवेकही आला. परंतु या विवेकाचा एक अतिरेकही दृष्टीस पडतो. घरोघरच्या रुमालांत वतनाच्या कागदांच्या नकलांचीं बाडें निघतात. अस्सल असेल तर संग्राहक तें जपून ठेवितो, आणि ‘ही तर नक्कल’ म्हणून बाड बाजूस सारतो. कधीं त्यांतील एखादें बरें पत्र उतरून घेऊन बाकीचें परत दिलें जातें. कधीं शिवण उसवून पानें सुटीं केलीं जातात. एकदां पानें सुटलीं म्हणजे तें बाड कोणत्या क्रमानें, कोणाच्या हातचें व कोणत्या तंट्याच्या वेळीं झालें हें ओळखण्याचें साधन कायमचें जातें. अस्सल हरवल्यास मजकुराची तरी हानि कधीं कधीं भरून येते; बाडाचा क्रम मोडल्यास ती हानि भरून काढणारी दुसरी प्रत बहुधा नसतेच.

म्हणून बाड हातीं आल्याबरोबर तें जसें असेल तसें पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमवार नोंदावें. त्यांतील प्रत्येक लेखाबरोबर नक्कल कोणी, केव्हां, कोणासाठीं केली हें शोधावें. कोणत्या पक्षाचे कागद आंत आहेत व कोणत्या पक्षाचे नाहींत हें टिपून ठेवावें. आणि त्याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेकडे तशीच दुसरी प्रत आहे काय याची चौकशी केल्यावांचून थांबूं नये. बाल्डुइननें आपल्या सनदांच्या तीन प्रती करून त्यांस तीन निरनिराळ्या जागा नेमून दिल्या. आपल्या घरांतील जुन्या कारभाऱ्यांपैकीं असें कोणी केलें होतें कीं नाहीं, हें त्यांचीं बाडें अखंड राहिलीं तरच कळणार आहे.